हक्के बाई आणि सूर्यातला पीळ

जळकोटच्या हक्के बाई चिडल्या की आधी चष्मा काढतात. चष्मा उतरला म्हणजे समोरच्यानं ओळखायचं, आता आपली धडगत नाही. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकलो आणि त्या तीन वर्षांत चष्मा नाकावर कमी, हातातच जास्त पाहिला. हेडमास्तरांवर चिडत, आमच्यावर चिडत, ओल्या खडूवर चिडत. एकदा तर एका गाइडातलं पान त्यांनी सगळ्या वर्गासमोर टराटरा फाडलं, कारण त्यात सूर्याला डोळे, नाक आणि हसरं तोंड काढलं होतं. ‘ह्यो काय तुमचा जावई हाय का?’ असं विचारून ते पान त्यांनी खिडकीबाहेर फेकलं. गाइड माझं होतं.

पूर्ण नाव सिताबाई हक्के. वय बासष्ट. घर मेंढ्यांचं, वडील मेंढ्या राखायचे आणि उरलेल्या वेळात घायपाताचे दोर वळायचे. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेल्या या पहिल्याच. लग्न झालं होतं, आठ महिन्यांत परत आल्या. कारण विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही. नोकरीत सहा बदल्या झाल्या, त्यातल्या चार भांडणापायी. आम्ही आठवीत असताना ग्रहण लागलं, तेव्हा गावानं दारंखिडक्या लावून घेतल्या आणि बाईंनी आमचा वर्ग मैदानात बसवून खोक्यातल्या कागदावर आम्हाला चंद्रकोरीसारखा उरलेला सूर्य दाखवला. त्याबद्दल त्यांना नोटीस आली. नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी दुसऱ्या दिवशीचा सूर्य काढला.

कारण बाई रोज सूर्य काढतात. सोलापूरच्या भंगारातून त्यांनी मोजणीच्या जुन्या यंत्राची पितळी दुर्बीण आणली होती. रोज सकाळी साडेआठला घरावरच्या माळवदावर चढून ती तिवईवर ठेवायची, डोळा न लावता तिच्यातून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि त्यावर दिसणारे काळे ठिपके पेन्सिलीनं टिपायचे. दुर्बिणीला डोळा लावायला गेलेल्या पोराच्या पाठीत धपाटा बसे, मग ते पोर कुणाचं का असेना. पस्तीस वर्षांच्या वह्या त्यांच्या घरात रचून ठेवल्या आहेत. गावानं त्यांना ‘डागाच्या बाई’ असं नाव ठेवलं. सूर्याला रोज पाणी घालून नमस्कार करणाऱ्या माणसांना, त्याच्याकडे नीट बघणारी एक बाई खुळी वाटते. याचा मला आजही संताप येतो.

मी एकदा वर्गात विचारलं होतं की सूर्य एवढा जळतो तर त्याची राख कुठं जाते. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की हा प्रश्न विचारायला अक्कल लागते, आणि बाकीच्यांना ती नाही. मग शिपायाला पाठवून त्यांनी बैलाचा कासरा मागवला.

सूर्य जळत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या पोटात उष्णता तयार होते ती वेगळीच गोष्ट. पण तिथं लाकूड नाही, धूर नाही, राख नाही. आहे तो तापून विजेचा भार आलेला वायू, आणि त्या वायूत अडकलेल्या चुंबकाच्या रेषा. वायू जिकडं जाईल तिकडं रेषांना फरफटत नेतो. सूर्य दगडासारखा घट्ट नाही, म्हणून सगळा एका वेगानं फिरतही नाही. त्याचा मधला पट्टा पंचवीस दिवसांत फेरी पुरी करतो, टोकाकडचा भाग दहा दिवस मागं रेंगाळतो. मग त्या रेषांचे विळखे पडायला लागतात. असं सांगत त्यांनी कासऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि पिळायला सुरुवात केली. दोर वळणाऱ्याची लेक ती. बघता बघता कासरा ताठ झाला, आणखी पिळल्यावर त्याला मधेच एक वेटोळं पडलं आणि ते कमानीसारखं वर उठलं.

अशाच कमानी सूर्याच्या पाठीवर उठतात, बाई म्हणाल्या. कमानीचे दोन पाय जिथं टेकतात तिथं चुंबकाचा जोर इतका, की खालून वर येणारी उष्णता अडते. तेवढी जागा जरा थंड पडते आणि आपल्याला काळी दिसते. तो डाग. डाग म्हणजे मळ नव्हे, तिथं पीळ साठलेला आहे याची खूण. पीळ दिवस दिवस साठत जातो. मग कधीतरी उलट्या दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि दुसऱ्याच जोडीनं नव्यानं जुळतात. आणि त्या जुळण्याच्या घटकेत आठ-दहा दिवसांचा साठलेला जोर काही मिनिटांत बाहेर पडतो. एवढं बोलून त्यांनी हातातलं टोक सोडलं. कासरा फिरत आला आणि माझ्या गालावर सटकन बसला. वळ दोन दिवस होता.

आमच्याकडं ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण बाईंना उद्देशूनच वापरतात. बाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या की सूर्यावर उलटं आहे. तिथं सुंभ जागेवरच राहतो, जळतो तो पीळच.

त्या पितळी दुर्बिणीच्या अंशांच्या चकतीवरच मी पहिल्यांदा कोन वाचायला शिकलो, आणि पुढं मोजणीदार झालो. सरकारी नव्हे, खासगी. लोकांना घराचा प्लॉट पाडायचा असतो, शेततळं काढायचं असतं, भावाभावांना वाटण्या करायच्या असतात. ते मला बोलावतात. साखळ्या ओढायचे दिवस गेले. आता माझ्याकडं रोव्हर आहे. काठीच्या टोकाला भाकरीएवढी पांढरी चकती, हातात मोबाइलसारखा डबा. चकती उपग्रहांचे संदेश पकडते आणि डबा सांगतो आपण नेमके कुठं उभे आहोत ते. त्या डब्यावर दोन शब्द महत्त्वाचे. हिरव्या अक्षरांत ‘फिक्स’ आलं म्हणजे मशीनला स्वतःची खात्री आहे. फरक पडला तर बोटाच्या पेराएवढा. पिवळ्या अक्षरांत ‘फ्लोट’ आलं म्हणजे मशीन सांगतंय, मी इथंच कुठंतरी आहे, माझ्यावर विसंबू नका. फ्लोटवर रीडिंग घ्यायचं नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

यंदा सप्टेंबरात पूर आला आणि आमच्या भागातले बांधच्या बांध वाहून गेले. द्वारकाबाई आणि बब्रुवान यांच्या शेतांमधला बांधही गेला. द्वारकाबाई एकटीनं दोन एकर करते, दोन म्हशी राखते, आणि गावात कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं बोअर त्या बांधापासून चार फुटांवर, तिच्या बाजूला. त्याच पाण्यावर तिचा कांदा येतो. दुसरं पाणी तिला नाही. बब्रुवान वाईट माणूस नाही. पण द्वारकाबाईच्या सासऱ्यानं कधीकाळी बांध बब्रुवानच्या रानात आत सरकवला, हे त्याच्या वडिलांनी त्याच्या डोक्यात भरवलेलं होतं. बांधच राहिला नाही तेव्हा दोघांनी ठरवलं की मोजणी करून दगड रोवायचे, आणि पंच म्हणून धोंडप्पांना बोलावलं. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारा. पण त्याचा शब्द चार गावांत खाली पडत नाही. मोजायला मला बोलावलं, आणि ते द्वारकाबाईच्या आग्रहावरून. सिताबाईच्या हाताखालचं पोरगं आहे, खोटं करणार नाही, असं ती म्हणाली होती.

गुरुवार ठरला. बुधवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांच्याकडं शॉर्टवेव्हचा एक जुना रेडिओ आहे, वह्यांइतकाच जपलेला. मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला तो चालता चालता मुका झाला, स्टेशनं गेली, नुसती खरखर राहिली. सूर्यावर आठवडाभर एक मोठा, गुंतलेला डाग त्या काढतच होत्या, त्यामुळं त्यांना शंका उरली नाही. सूर्यावर भडका उडाला होता. त्याचा उजेड आठ मिनिटांत पोचतो आणि आपल्याकडं दिवस असला तर वरच्या हवेत गोंधळ घालून रेडिओ बंद पाडतो, हे त्यांनी मला शाळेतच शिकवलं होतं. पण भडक्याबरोबर कधीकधी तापलेल्या वायूचा अख्खा ढग आपलं चुंबक पोटात घेऊन बाहेर फेकला जातो, आणि त्याला पृथ्वीपर्यंत यायला दीड-दोन दिवस लागतात. त्या ढगातल्या रेषा पृथ्वीच्या रेषांच्या उलट्या निघाल्या, तर त्या आपल्याशी जुळतात आणि वरची हवा दोन-तीन दिवस घुसळून काढतात. तुझ्या उपग्रहांचे संदेश त्याच हवेतून येतात, बाई म्हणाल्या. मशीन शनिवारनंतर बाहेर काढ.

मी हो बाई, हो बाई म्हणालो. फोन ठेवला आणि मशीनची बॅटरी चार्जिंगला लावली. बब्रुवाननं तारेच्या कंपाउंडवाल्यांना शुक्रवारचं बोलावलं होतं, नारळ आणून ठेवला होता, धोंडप्पांनी गुरुवार दिला होता. सूर्यावर पीळ पडलाय म्हणून मोजणी पुढं ढकला, असं चारचौघांत सांगायची मला लाज वाटली. हे मी आज लिहितोय आणि माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते. ज्या बाईंना गाव खुळी म्हणतं म्हणून मी संतापतो, त्यांच्यासारखं खुळं दिसायची वेळ आली तेव्हा मी पाय मागं घेतला.

गुरुवारी सकाळी ऊन लख्ख होतं. आभाळात ढगाचं बोट नाही. डब्यावर पिवळी अक्षरं. दहा मिनिटं थांबलो, मग वीस. मधेच हिरवं येई, सात-आठ सेकंद टिके आणि परत पिवळं होई. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, माणसं बसलेली, चहा झालेला, बब्रुवान दर पाच मिनिटांनी काय झालं विचारायचा. चाळीस मिनिटांनी मी बटण दाबलं. पिवळ्यावर. मग दुसरं, मग तिसरं. एकदा पहिलं घेतल्यावर बाकीची घ्यायला काही वाटत नाही. शेतांच्या शिल्लक राहिलेल्या जुन्या खुणांवर सगळी मिळून अठरा रीडिंगं घेतली, आणि मोजणीच्या नकाशाशी हिशेब करून रेघ दाखवली.

रेघ द्वारकाबाईच्या बोअरच्या पलीकडून गेली. बोअर दोन फुटांनी बब्रुवानच्या रानात. द्वारकाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली की असं कसं होईल, बोअर पाडताना बांधापासून चार फूट सोडले होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले. धोंडप्पांनी मला जवळ बोलावलं.

“खात्री हाय का रे बाळा?” त्यांनी विचारलं.

“हाय, आप्पा,” मी म्हणालो.

द्वारकाबाई माझ्याकडं बघत राहिली आणि मग गप्प बसली. ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकून गप्प बसली असेल.

आमच्या भागात हद्दीचा दगड रोवला की दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. कुंकू लागलं की तो दगड देवाचा. मग तो कुणी हलवायचा नाही, कोर्टानं सांगितलं तरी नाही. या दस्तुरापायी पुष्कळ खून टळले आहेत, म्हणून मी त्याला हसत नाही. द्वारकाबाईनंही कुंकू लावलं. तेव्हा मी मशीन पेटीत भरत होतो.

शुक्रवारी तार ओढली गेली. बोअर तारेपलीकडं. बब्रुवाननं निरोप दिला की पाणी घ्यायला आपली ना नाही, फक्त मोटार लावायच्या आधी विचारत जावं. त्याला हे मोठेपणाचं वाटलं असणार. द्वारकाबाईनं उलट निरोप धाडला की स्वतः पाडलेल्या बोअरचं पाणी मागून घ्यायला ती भिकारीण नाही. तिनं मोटार लावली नाही. नुकतीच लावलेली कांद्याची रोपं वाफ्यात माना टाकायला लागली. म्हशींसाठी ती डोक्यावरून पाणी आणायची, पण कांद्याला घागरीचं पाणी किती पुरणार?

रविवारी ती बाईंकडं गेली आणि तुमच्या पोरानं माझं बोअर नेलं, एवढंच बोलून निघून गेली. तासाभरात बाई माझ्या मोजणीच्या दुकानात. हातात वही. चष्मा आधीच काढलेला. त्यांनी गेल्या दहा दिवसांची पानं एकामागोमाग उलटून दाखवली. डाग आधी दोन ठिपक्यांचा, मग पसरलेला, मग एकमेकांत घुसलेल्या काळ्या तुकड्यांचा. मंगळवारच्या पानाखाली रेडिओ बंद पडल्याची वेळ. गुरुवारच्या पानाखाली लाल पेन्सिलीनं माझं नाव.

सोमवारी त्यांनी मला शेतावर नेलं. मशीन उघडलं आणि वीस सेकंदांत हिरवं आलं. टिकलं. एकेक खूण मी दोनदा मोजली. माझा दगड खऱ्या हद्दीपासून सहा फूट तीन इंच सरकलेला होता. बोअर द्वारकाबाईचंच, बांधापासून चार फुटांवर, तिनं सांगितलं तसं. बाई आकड्याकडं बघून वळल्या आणि धोंडप्पांकडं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दगडापाशीच सगळे जमले. मी रात्रभर तयारी केली होती. काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि तेच बोललो. सूर्यावर मोठं वादळ झालं होतं, त्यामुळं उपग्रह बिघडले, जगभर मशिनी चुकल्या, निसर्गापुढं माणसाचा इलाज नाही. मी बाईंचेच शब्द वापरले. चुंबक म्हणालो, रेषा म्हणालो, ढग म्हणालो. बाईंची वही वर धरून सगळ्यांना दाखवली. मला वाटलं, हे चांगलं झालं. चूक निघाली आणि कुणाचीच नव्हती.

बब्रुवान विचारात पडला. धोंडप्पांनी डोळे मिटून घेतले, आणि म्हणाले की असं असेल तर मग प्रश्नच मिटला. वर सूर्यनारायण आहे, त्यानंच मशिनीला हद्द दाखवली, आणि खाली आपण तिला कुंकू लावलं. त्यानं दिलेली हद्द आपण कोण मोडणार? धुऱ्यावरची माणसं माना हलवायला लागली. बब्रुवानचा चेहरा मोकळा झाला. द्वारकाबाई खाली बसली.

बाईंचा राग मी शेकडो वेळा पाहिला आहे. पण त्या सकाळी त्या धोंडप्पांकडं गेल्या नाहीत, बब्रुवानकडं गेल्या नाहीत. त्या माझ्याकडं आल्या आणि माझ्या हातातली वही हिसकून घेतली.

“सूर्याला तुमचा बांध ठावूक न्हाय,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तिथं कोप न्हाय आन् किरपा बी न्हाय. पीळ पडतो, रेषा तुटत्यात, जुळत्यात. पस्तीस वर्षं बघायले म्या. त्यानं एक दिस बी खोटं केलं न्हाय.” मग माझ्याकडं वळल्या. “आन् तुझ्या मशिनीनं बी केलं न्हाय. माझ्यावर इसंबू नका म्हणून ती त्या दिशी सकाळपासून वरडायली व्हती. डब्यावर काय आलतं? सांग ह्यांना.”

मी मशीनची पेटी उगाच बंद करायला लागलो.

“फ्लोट आलतं का न्हाय?”

“आलतं.”

“तुला दिसत व्हतं?”

तिथं माझं सगळं गणित संपलं. मी आयुष्यभर मनात म्हणत आलो होतो की या गावात बाईंना ओळखणारा मी एकटाच आहे. आणि त्यांनी पस्तीस वर्षं उन्हात उभं राहून गोळा केलेलं ज्ञान मी माझ्या पाठीला ढाल म्हणून लावलं होतं. गाव निदान त्यांना खुळी म्हणून बाजूला ठेवत होतं. मी तर त्यांना माझ्या खोटेपणाला जुंपलं होतं.

“दिसत व्हतं,” मी म्हणालो. “आप्पा, म्या तुमाला खात्री हाय म्हणालो तवा मला खात्री नव्हती. चाळीस मिनिटं थांबलो, मग लोकं बसल्यात म्हणून बटण दाबलं. बाईंनी आदल्या दिवशीच नको म्हणून सांगितलं व्हतं. सूर्याचं ह्यात काय न्हाय. खोटं म्या बोललो.”

कुणीतरी माझ्या नावानं एक शिवी हासडली, आणि ती योग्य होती. धोंडप्पांनी डोळे उघडले. त्यांनी बब्रुवानला विचारलं की खोट्यावर लावलेलं कुंकू त्याला रानात चालेल का. बब्रुवान लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता हा भांडणार. सासऱ्यानं सरकवलेल्या बांधाचं जुनं प्रकरण काढणार. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग तो तारेखालून पलीकडं गेला, रानातल्या झोपडीतून पहार घेऊन आला आणि ती त्यानं माझ्या पायाशी आदळली. तूच काढ, असं म्हणाला.

दगड मी काढला. पाच दिवसांत माती बरी घट्ट बसली होती. कुणी मदतीला आलं नाही आणि यायलाही नको होतं. सहा फूट तीन इंच मागं नवा खड्डा खणला, दगड रोवला, हिरव्या अक्षरांवर दोनदा तपासला आणि डबा धोंडप्पांच्या हातात देऊन त्यांना अक्षरांचा रंग बघायला लावला. नारळ आणला नव्हता. धोंडप्पा म्हणाले की कुंकू आठ दिवसांनी लावू, आधी दगड खरा राहू दे.

बब्रुवाननं स्वतः तार सोडली. द्वारकाबाई उठून बोअरपाशी गेली आणि तिनं मोटारीच्या पेटीचं झाकण उघडलं. तिच्या कांद्याचे अर्धे वाफे वाळलेले होते. त्यांना आता पाणी दिलं काय, न दिलं काय. मी तिच्या मागं गेलो. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण तिनंच आधी विचारलं. आवाज चढवला नाही.

“तुला दिसत व्हतं तर म्या कुंकू लावताना का न्हाय बोललास?”

ती थोडा वेळ थांबली, खरंच ऐकायचं असल्यासारखी. मग तिनं खटका दाबला आणि पाणी येईपर्यंत माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.